भर दुपारचा हिरवा दिवा

मी एक जुना बोर्ड आहे, मित्रांनो. दुकानाच्या पाटीसारखा किंवा एस.टी.च्या वेळापत्रकासारखा नव्हे हं. माझं काम होतं ऊन मोजायचं. हवा किती गरम आहे ते तुमच्या खिशातला मोबाईलसुद्धा सांगतो, त्यात काय मोठंसं! उन्हात एक न दिसणारा भाग असतो. अतिनील किरण म्हणतात त्याला. ते डोळ्यांना दिसत नाहीत, अंगाला गरम लागत नाहीत, पण कातडी भाजून काढतात आणि डोळ्यांत मोतीबिंदू लवकर आणतात. मी ते मोजायचो. मोजायचो म्हणालो, कारण आता मोजत नाही. का, ते ऐका.

माझं गाव निंबदरा. पाथर्डीच्या पलीकडं, जिल्ह्याच्या कोरड्या अंगाला. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण एस.टी.तून उतरणारा माणूस अजून "नगरहून आलो" असंच म्हणतो. मी बाजारतळाच्या कडेला उभा आहे. समोर रस्ता, रस्त्यापलीकडं शाळा आणि शाळेचं मैदान. सावली म्हणाल तर एक कडुलिंबाचं झाड आणि काकासाहेबांच्या चहाच्या हॉटेलाचा पत्रा, बाकी सगळा उघडा माळ.

पुण्याच्या एका कॉलेजातल्या मुलांनी मला बनवलं. डोक्यावर लिंबाएवढी पांढरी काच बसवली, तो माझा डोळा. त्याच्या बरंच खाली ताटाएवढा गोल दिवा आणि दिव्याखाली आकडा. आणखी खाली, एका लोखंडी हातावर सोलरची पाटी. उन्हाची चहाडी करायची आणि पोटही उन्हावरच भरायचं, असा माझा धंदा! ऊन सौम्य असलं की दिवा हिरवा. मग जसजसं चढेल तसा पिवळा, केशरी, लाल, आणि अगदी कहर झाला की जांभळा.

मला इथं उभं केलं तेव्हा नारळ फुटला, पेढे वाटले. पार्थ नावाचा विद्यार्थी टेम्पोतून माझ्याबरोबर आला होता. त्यानं गावाला समजावलं, "वारं गार असलं, आभाळ आलेलं असलं, तरी हे किरण असतातच. अंगाला काय वाटतं त्यावर जाऊ नका, बोर्डावर जा. आणि एक करा, ही वरची काच महिन्यातून एकदा पुसत जा."

"पुसू की! त्यात काय अवघड हाय?" गाव म्हणालं.

पुसतंय कोण! काचेवर धूळ बसली, धुळीवर चिमण्या बसल्या, आणि चिमण्यांनी काय केलं ते मी सांगत नाही.

पहिल्या उन्हाळ्यात लोकांनी माझी भारी थट्टा केली. दुपारी माझा आकडा बारावर जायचा, दिवा जांभळा व्हायचा आणि हॉटेलातली माणसं बशीतला चहा फुरकत म्हणायची, "आरं, बाराच डिग्री? मग एवढं उकाडतंय कशानं?" की सगळे खो खो हसायचे. मला राग यायचा. मी काय डिग्री सांगत होतो होय? पण बोर्डाला तोंड कुठं असतं?

गावात एकच पोर होती जिला माझं बोलणं कळलं. तिचं नाव पंकजा.

पंकजा साळूबाईची मुलगी, घर बाजारतळाला लागूनच. साळूबाई लिंबाखाली पोतं अंथरून मेथी, शेपू, वांगी विकते. तिचा नवरा सहादेव दिवाळी झाली की ऊसतोडीला जातो, तो उन्हाळ्यात परततो. साळूबाईही आधी कोयता घेऊन त्याच्याबरोबर जायची. पंकजा झाली आणि तिनं जाणं सोडलं. उसाच्या फडात सावली कुठली, आणि या पोरीला तर सावलीच हवी होती.

पंकजा जन्मली तीच दुधासारखी पांढरी. केस पांढुरके, पापण्या पांढऱ्या, आणि उजेडात डोळे सारखे मिचमिचायचे. लांबचं तिला नीट दिसायचं नाही. गावातली पोरं तिला "विलायती" म्हणून चिडवायची. तुमच्या माझ्या गावच्या माणसांच्या कातडीत जो सावळा रंग असतो ना, मित्रांनो, ती देवानं दिलेली छत्री असते. पंकजाला ती छत्री मिळालीच नव्हती. थोडा वेळ उन्हात गेली तरी तिची कातडी लाल व्हायची, सोलून निघायची. त्यामुळं साळूबाई तिला घरातच ठेवायची. शाळेत नाव होतं, पण पोरगी दाराआड.

मी आलो आणि तिचं दार उघडलं. हे मी फुशारकीनं सांगत नाही, खरंच तसं झालं. आकडा तिला लांबून वाचता यायचा नाही, पण ताटाएवढा रंग दिसायचा. साळूबाईनं नेमच घालून दिला. सकाळी हिरवा असतानाच शाळेत जायचं, दिवसभर वर्गात राहायचं आणि संध्याकाळी हिरवा झाला की घरी यायचं. पिवळा असेल तर मोठ्या काठाची टोपी, लांब बाह्या, गॉगल. केशरीच्या वर काही असलं की बाहेर पाऊल नाही.

"पंके, दिवा कसला गं?"

"पिवळा हाय आई!"

"मग टोपी घाल, माझी बाय."

रस्त्याच्या अलीकडून पलीकडं रोज ही हाकाटी चालायची. तेवढं ऐकायला मिळालं की मला दिवसाचं सार्थक वाटायचं. संध्याकाळी हिरवा झाला की पंकजा माझ्या खांबाला धरून गोल गोल फिरायची आणि मला "बोर्डमामा" म्हणायची. मामा म्हटलं, मित्रांनो! लोखंडाच्या खांबाला कुणी मामा म्हणतं का?

एकदा श्रावणात आभाळ भरून आलं होतं. वारं असं गार, की साळूबाईनं डोक्यावर पदर घट्ट ओढलेला. मी मात्र लाल दाखवत होतो. साळूबाई वर बघून म्हणाली, "आता हे काय! ऊन कुठं दिसंना आन ह्याचं आपलं लाल. जा गं तू, काय हुत न्हाई." पंकजा गेली. थोड्या वेळात तिची मान भाजली. ढगांच्या आडूनही ते किरण खाली येतात, हे साळूबाईला त्या दिवशी पटलं. तिनं पोरीच्या मानेला कोरफडीचा गर लावला आणि दुसऱ्या दिवशी माझ्यापुढं येऊन हात जोडले. "तूच खरा रं बाबा. म्याच येडी. आता आभाळाकडं बघायची न्हाई, तुझ्याकडंच बघीन."

मला तेव्हा केवढा अभिमान वाटला! आज तेच शब्द आठवले की वाटतं, ती असं म्हणाली नसती तर बरं झालं असतं.

आता काकासाहेबांचं सांगतो. हॉटेलवाले काकासाहेब म्हणजे गावचे उत्साही पुढारी. माणूस वाईट नाही बरं का. पंकजा दिसली की बरणीतली खारी काढून तिच्या हातावर ठेवणार. "विलायती" म्हणणाऱ्या पोरांना त्यांनीच एकदा कान धरून दटावलं होतं. फेब्रुवारीत त्यांचा वाढदिवस असतो. आपल्याकडं वाढदिवस म्हटला की फ्लेक्स आला. काळा गॉगल लावलेला, हात जोडलेला मोठा फोटो आणि खाली शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची रांग. त्या वर्षी लिंबाला एक फ्लेक्स झाला, विजेच्या खांबांना झाले, शाळेच्या भिंतीला झाला. एक उरला. मग पोरांची नजर माझ्यावर गेली.

काकासाहेब स्वतः खाली उभे राहून सांगत होते, "आकडा झाकू नका रं! दिवा बी उघडा राहू द्या. साळूच्या पोरीला लागतो तो."

पोरांनी खरंच काळजी घेतली. दिव्याच्या वर फ्लेक्स लावला. पण तो पडला मोठा. वरचा भाग उरला, वाऱ्यानं फडफडायला लागला. तेव्हा शिडीवरच्या पोरानं तो भाग मागं दुमडला, माझ्या डोक्यावरून घेतला आणि सुतळीनं आवळून बांधून टाकला.

"आकडा दिसतोय का खालून?"

"दिसतोय की!"

"मग झालं तर."

आकडा दिसत होता, मित्रांनो. पण माझा डोळा बांधला होता. डोळ्यापुढं अंधार, म्हणून मी आपला एक दाखवत राहिलो. एक म्हणजे हिरवा.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या क्रीडास्पर्धा होत्या. सकाळी हिरवा असताना पंकजा नेहमीसारखी शाळेत गेली. तिला खो-खोचं भारी वेड. पण खेळायची कुठं? स्पर्धा भर दिवसा व्हायच्या, त्यामुळं ती दरवर्षी ओट्यावर सावलीत बसून टाळ्या वाजवायची. त्या दिवशी दुपार झाली. ऊन असं लख्ख, की मैदानाची माती पांढरी दिसत होती. थंडी सरत आलेली, वारं गार, अंगाला ऊन गोडच लागत होतं. पंकजा शाळेच्या फाटकापर्यंत आली, डोळे बारीक करून तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि तिथूनच ओरडली, "आई! आई गं! हिरवा हाय! दुपारचं हिरवा हाय!"

साळूबाई मेथीची जुडी हातात घेऊन उठली. तिनं आधी वर आभाळाकडं पाहिलं. तिच्या कपाळाला आठी पडली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. मी हिरवा. परत आभाळाकडं, परत माझ्याकडं. अगं साळूबाई, आभाळ खरं आहे, मी खोटा आहे, माझा डोळा बांधलाय! पण हे कुणाच्या तोंडानं सांगू?

"आई, खेळू का? एकच डाव!"

साळूबाईची आठी गेली. "बोर्ड कदी खोटं बोलला न्हाई," ती शेजारणीला म्हणाली. "थंडीचं ऊन हाय, नसंल बाधत." आणि मग मोठ्यानं म्हणाली, "जा! खेळ जा! मन भरून खेळ!"

मैदानावर पूजा मॅडम होत्या. त्यांनी पंकजाला अडवलं. "पंकजा, अगं उन्हात कुठं निघालीस?"

"मॅडम, हिरवा हाय!"

मॅडमनीही मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मग हसून तिला रांगेत बसवलं.

टोपी पळताना उडायला लागली तशी तिनं ती काढून ओट्यावर टाकली. बाह्या वर सारल्या. तिला पहिल्यांदा "खो" मिळाला तेव्हा ती अशी उठली आणि अशी धावली, की सगळी शाळा ओरडायला लागली, "पंकजा! पंकजा!" ज्या पोरांनी तिला विलायती म्हटलं होतं तीच घसा फोडून ओरडत होती. एक डाव म्हणाली होती, पण डावांवर डाव झाले. तिचं हसणं मला रस्त्याच्या अलीकडं ऐकू येत होतं. साळूबाई लिंबाखालून बघत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. मी पंकजाला इतकं सुखात कधी पाहिलं नव्हतं. आणि मी तिच्या डोक्यावर हिरवा दिवा धरून उभा होतो.

संध्याकाळी ती आईचा हात धरून घरी निघाली, तेव्हा तिचा चेहरा, मान, हात सगळं लालबुंद झालं होतं. डोळे उघडत नव्हते. "आई, डोळ्यांत वाळू गेल्यावानी हुतंय," ती म्हणत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजल्या जागी सगळीकडं फोड आणि ताप. काकासाहेबांनीच आपली जीप काढली. वाढदिवसाचा टिळा अजून त्यांच्या कपाळावर होता. मागच्या सीटवर साळूबाईच्या मांडीवर ओल्या कापडात गुंडाळलेली पंकजा. जीप नगरच्या रस्त्याला लागली तेव्हाही मी हिरवाच होतो.

त्या दुपारी पूजा मॅडम माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावर सूर्य तळपतोय आणि बोर्ड म्हणतोय एक! त्यांनी हळूहळू नजर वर नेली. दिव्यावर फोटो, फोटोवर गॉगल, आणि त्याच्या वर सुतळीनं बांधलेली ती दुमड. त्यांनी लगेच एका पोराला शिडी आणायला पाठवलं.

तोवर काकासाहेब नगरहून परतले होते. सुतळी कापली, फ्लेक्स बाजूला झाला आणि माझ्या डोळ्यात ऊन शिरलं. दिवा पिवळा झाला. मग केशरी, मग लाल. त्या लाल दिव्याखाली काकासाहेब उभे होते. त्यांच्या हातात त्यांचाच हसरा फोटो होता.

"आकडा तर उघडा ठेवला हुता की रं आपन," ते म्हणाले. "पोरीसाठीच ठेवला हुता." मग त्यांनी तो फ्लेक्स दोन्ही हातांनी टराटरा फाडला. दुसऱ्या दिवशी लिंबावरचे आणि शाळेवरचेही त्यांनी उतरवले. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

पंकजा दवाखान्यातून परत आली. फोड भरले, डोळे उघडले, पण गालांवर आणि मानेवर डाग राहिले. अशी कातडी पुन्हा पुन्हा भाजली तर पुढं मोठं दुखणं होऊ शकतं, असं तिथल्या डॉक्टरबाईंनी साळूबाईला बजावलं होतं. साळूबाईनं दार लावून घेतलं. शाळा बंद, खांबाभोवती फिरणं बंद. पूजा मॅडम दोनदा घरी जाऊन आल्या, तर साळूबाई त्यांना म्हणाली, "मॅडम, शाळा नसली तरी पोरगी जगंल. मला पोरगी पायजे."

एका बाजाराच्या दिवशी ती माझ्यापुढं येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ही दगड उचलते. उचलला असता तर बरं वाटलं असतं. ती नुसतीच उभी राहिली आणि म्हणाली, "आभाळ सोडून तुझं ऐकलं रं म्या. जा, खेळ म्हनले. ह्याच तोंडानं म्हनले." आणि पदर तोंडात कोंबून ती रडली. त्या दिवसापासून ती माझ्याकडं पाठ करून बसायला लागली.

मी रोज खरं दाखवत होतो. सकाळी खरा हिरवा, दुपारी खरा जांभळा, संध्याकाळी पुन्हा हिरवा. बघणारं कुणी नव्हतं. मैदानावर पोरं खो-खो खेळायची आणि साळूबाईच्या घराची खिडकी अर्धी उघडी असायची. खिडकीत पांढुरके केस दिसायचे.

त्या उन्हाळ्यात माझी बॅटरी संपली. पार्थ शिकून केव्हाच कुठंतरी नोकरीला लागला होता. "कॉलेजाला कळवू" असं सगळे म्हणाले. दिवा विझला तो विझला. आता मी म्हणजे एक आंधळा, मुका खांब. माझ्यावर कावळे बसतात.

पण गोष्ट इथं संपत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला पूजा मॅडम पंकजाला तपासणीसाठी पुन्हा नगरला घेऊन गेल्या, साळूबाईही गेली. डॉक्टरबाईंनी साळूबाईला एक सोपी गोष्ट सांगितली. म्हणाल्या, पोरीला जन्मभर कोंडू नका. बोर्ड नसला तरी सावली आहे ना? सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन वाईट, तेव्हा आत राहायचं. सावली आपल्यापेक्षा लांब झाली की ऊन उतरलं, तेव्हा टोपी, गॉगल, लांब बाह्या घालून, उन्हासाठी दिलेलं मलम लावून बाहेर पडायचं. आभाळ येऊन सावलीच दिसली नाही, तर दुपार वाईटच समजायची.

परत आल्यावर साळूबाई बाजारतळावर आली, तिच्या हातात दोरी होती. शिडी लावून तिनं एका पोराकडून माझी उंची दोरीनं मापून घेतली. मग दोरीचं एक टोक माझ्या बुडाशी धरलं आणि दुसऱ्या टोकानं माझ्याभोवती चुन्याचं मोठं रिंगण काढलं. काकासाहेब हॉटेलातून बघत होते. ते उठून आले आणि चुन्याची बादली धरून उभे राहिले.

आता दुपारी माझी सावली रिंगणाच्या आत असते. साळूबाई भाजी विकता विकता तिच्याकडं नजर ठेवते. ऊन कलतं, सावली सरकत सरकत चुन्याच्या रेघेवर येते, रेघ ओलांडते. मग साळूबाई शाळेच्या दिशेनं हाक मारते, "पंके, ये गं! सावली भाईर आली!" आणि पंकजा टोपी सावरत येते. हो, शाळा पुन्हा सुरू झाली तिची. खो-खो मात्र नाही. संध्याकाळी मैदान हिरव्या वेळेत मोकळं असतं, पोरी बोलावतात, पण ती तिकडं वळत नाही.

तर मित्रांनो, माझ्यासारखे बोर्ड तुमच्याही गावात येतील. त्यांच्यावर भरवसा ठेवा, पण त्यांचा डोळाही पुसा. नुसता आकडा उघडा ठेवून भागत नाही. त्यांच्या डोक्यावर काही बांधायच्या आधी, तो दिवा बघून घराबाहेर पडणारं कुणी आहे का, एवढं विचारा. आणि आपली सावली बघायला विसरू नका. तिला बॅटरी लागत नाही आणि कुणी तिच्यावर फ्लेक्सही लावत नाही.

काल पंकजा माझ्या खांबापाशी थांबली होती. तिनं खांबाला हात लावला आणि म्हणाली, "आई, बोर्डमामाचा काय दोष गं? त्याचा डोळा बांधला हुता."

"नसंल दोष," साळूबाई म्हणाली. "चल, अंधार व्हायच्या आत घरी जाऊ."

जाताना पंकजानं एकदाही वर पाहिलं नाही. ती खाली बघत, माझ्या सावलीवरून चालत गेली.